बांगडी फुटली म्हणू नये

आमच्या घरात घागर फुटायची, कप फुटायचा, एखाद्या वर्षी कालव्याचा बांधसुद्धा फुटायचा, पण बांगडी कधी फुटायची नाही. बांगडी 'वाढायची'. "वाढली गं बाई," म्हणायचं, काचा वेचायच्या आणि पुढची हातात घ्यायची. कासाराच्या घरात सून म्हणून आले त्याच आठवड्यात मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मला हे बजावलं. "बाकी काय बी बोल पोरी. तोंडाळ हायस ते दिसतंयच मला. पर त्यो एक शब्द न्हाय." मी तोंडाळ होतेच. अजून आहे, त्याला काय औषध नाही.

स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. बारामतीहून सणसरकडं जाणाऱ्या रस्त्यावर, कालव्याच्या कडेला आमचं गाव. दारापासून चार पावलांवर कालव्याचं पाणी आवाज न करता इंदापूरकडं चाललेलं असायचं. घरात भिंतीभर खुंट्या आणि खुंट्यांना बांगड्यांच्या माळा. ऊन कलून दारातून आत आलं की त्या माळांमधून हिरवे, तांबडे, जांभळे डाग जमिनीवर पडायचे आणि सरकत सरकत चुलीपर्यंत यायचे. माझ्या माहेरी असलं काही नव्हतं. भाकरी तव्यावर टाकून मी त्या डागांकडं बघत राहायची आणि भाकरी करपायची. मामंजी हसायचे. "करपंना का. रंग तरी बघून झालं."

सासूबाई मी यायच्या कितीतरी आधी गेलेल्या. घरात आम्ही तिघंच. आमचे हे बारामतीच्या बाजारात दुकान मांडायचे आणि मामंजी खांद्यावर बोचकं टाकून वाड्यावस्त्यांवर फिरायचे. मला त्यांनी बरोबर न्यायला सुरुवात केली. लेकीबाळींना बाईच्या हातनं चुडा भरलेला बरा वाटतो, असं ते सांगायचे. खरं कारण मला ठाऊक होतं, त्यांना वाटेत बोलायला माणूस लागायचं.

आणि बोलणं तरी कसं! परक्या बाईचा हात हातात घ्यायची मुभा असलेला गावातला एकच पुरुष म्हणजे कासार. बाया त्यांच्यापुढं हात करायच्या आणि हातासंगं जीवही मोकळा करायच्या. कुणाची सासू छळते, कुणाला माहेरची आठवण येते, सगळं मामंजींच्या कानात. एखादी नवी नवरी हात आखडून बसली की ते म्हणायचे, "मनातल्या मनात नवऱ्याला एक शिवी घाल बघू. हात आपसूक ढिला पडतोय." पोर हसायची, हात सैल व्हायचा, आणि बांगडी कधी चढली ते तिलाही कळायचं नाही. चुडा भरून झाला की बाई त्यांच्या पाया पडायची. तशी रीतच आहे. म्हातारी असली तरी वाकायची.

त्यांचं पहिल्यांदा काय गेलं असं कुणी विचारलं तर मी सांगेन, हसू गेलं. हात नंतर हलायला लागला. आधी त्यांचा चेहरा थांबला. बायांच्या गमतीवर ते "व्हय व्हय" म्हणायचे, पण तोंडावर काही उमटायचं नाही. मग आवाज बारीक झाला, इतका की वाटेत मला दोनदा विचारावं लागायचं. पूर्वी मी मागं पडायची, आता ते मागं पडायला लागले. बारीक बारीक पावलं टाकत, पुढं वाकून यायचे. उजव्या हाताचा अंगठा बोटावर फिरत राहायचा, तंबाखू मळावी तसा. गावात बोलणं झालं, कासारआबांनी ह्या वयात तंबाखू धरली! मला वाटलं, माझ्यावरच रागावलेत. मी पण मग फुरंगटून बसले. दोन महिने आम्ही सासरा-सून एकमेकांवर रुसलोय असं समजून मी भाकऱ्या थापत होते. रुसले होते ती मी एकटीच.

नागपंचमीच्या आधी आम्ही सणसरला गेलो. एका बागायतदाराच्या घरी नवी सून आली होती, तिचा पहिलाच सण. पडवीत घोंगडी अंथरली, शेजारपाजारच्या बाया जमल्या. मामंजींनी पोरीचा हात घेतला. डझनातल्या दहा बांगड्या नीट चढल्या. अकराव्या बांगडीला त्यांचा हात असा काही थरथरला की काच पोरीच्या मनगटावरच मोडली आणि रक्ताचा एक थेंब आला. थेंबच होता, काही फार नाही. मी काचा वेचायला वाकले आणि वरून त्यांचा तो बारीक, कोरडा आवाज ऐकला.

"फुटली."

चाळीस वर्षं बांगड्या भरणारा माणूस हा शब्द बोलतो? पोरीची सासू ताडकन उठली. "आवं कासारआबा! शुभ बोला की जरा! माझ्या पोराच्या जिवावर उठलाय व्हय तुमी?" मामंजींनी तिच्याकडं बघितलं. चेहऱ्यावर काही नाही, पापणीसुद्धा हलली नाही. त्या माउलीला वाटलं, बघा कसा निगरगट्ट आहे. मी त्यांच्या शेजारी बसले होते. धोतरावर टेकलेला त्यांचा हात कसा उडत होता ते मला दिसत होतं.

त्या दिवसापासून ते आपणहून घराबाहेर पडले नाहीत. रस्त्याकडच्या दाराच्या चौकटीला पाठ लावून बसायचे आणि रस्त्यानं सणसरकडचं कुणी जाताना दिसलं की हाक मारायचे. "आवं, त्या नव्या नवरीचा दादला बरा हाय न्हवं?" माणूस म्हणायचा, "चांगला टणटणीत हाय की! काल तर तालमीत बघितला." मामंजी मान हलवायचे. गडी वळणापलीकडं गेला की मला म्हणायचे, "काल बघितला म्हणतोय. आज न्हाय बघितला त्यानं."

गाव म्हणालं, म्हाताऱ्यानं हाय खाल्ली. त्या धसक्यानंच हात हलतोय. आम्हालाही तसंच वाटलं. आधी धसका, मग कंप, असा आमचा हिशेब. त्यावरचा इलाजही गावाकडं तयार होता, मन घट्ट करा, चार माणसांत बसा, देवाचं नाव घ्या. ह्यांनी त्यांना बारामतीला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी हात वाकवून बघितला, चालायला लावलं, म्हणाले, कंपवात आहे. थेंब थेंब घ्यायचं कडू औषध दिलं. त्यानं तोंड मात्र कोरडं पडायचं. हाताबद्दल ते बरंच बोलले. मनाचं त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. ते काय औषधाचं काम आहे, असं आम्हाला वाटायचं.

पहाटे मी उठायची तेव्हा ते बसलेलेच असायचे. कपाळाला घाम. "पोरी, छातीत कायतरी धडधडतंय. त्या पोराला कायतरी झालं." मी म्हणायची, "काही झालं नाही." ते म्हणायचे, "मग धडधडतंय कशाला?" सासऱ्याला उलट बोलायची सोय नव्हती. लेकी बोले सुने लागे म्हणतात, आमच्या घरात लेक नव्हती म्हणून मी मांजरीला बोलायची. "बसून बसून खा गं बाई तू! जगात कुणाला दुखणीबाणी नाहीत, तुलाच काय ते!" मांजर डोळे मिटायची. मामंजी ताट बाजूला सारायचे.

एकदा बांगड्यांचे रंग त्यांच्या धोतरावर सरकत आले होते. ते त्याकडं बघत होते की पलीकडच्या पाण्याकडं, कळत नव्हतं. म्हणाले, "मी गेलो तर माझ्या तोंडाचा दोष माझ्यासंगं जाईल. त्यो पोरगा वाचंल." शांतपणे बोलले, उद्या बाजार आहे असं सांगावं तसं. कालव्याकडं उघडणारं मागचं दार मी त्या दिवसापासून दुपारीही कडी घालून ठेवायला लागले. ह्यांना सांगितलं तेव्हा ते कितीतरी वेळ जोडा हातात घेऊन उभे राहिले.

मग ह्यांना एक युक्ती सुचली. थेट सणसरला जाऊन त्या नवरीच्या नवऱ्यालाच जेवायला बोलावून आले. गडी भला माणूस. चोवीस-पंचवीसचा, बैलासारखा दांडगा. सायकलवर आला, वाकून नमस्कार केला, सात भाकरी आणि पाटीभर कांदा खाल्ला. "आबा, बघा बरं, मरणारा माणूस येवढं खातोय का?" मामंजींनी त्याचं मनगट धरलं, नाडी बघावी तसं, आणि कितीतरी वेळ सोडलंच नाही. त्या संध्याकाळी ते दोन घास जेवले. मी मनातल्या मनात नारळ बोलले.

सकाळी चहा द्यायला गेले तर म्हणाले, "काल बरा व्हता. आज?"

मी मांजरीला शोधलंही नाही. सरळ त्यांच्याच तोंडावर बोलले. "आज पण बराच असणार! तुमच्या एका शब्दानं माणसं मरायला लागली तर सरकार तुम्हाला लढाईवर धाडंल, मामंजी! घरात जित्या माणसांना मारताय तुम्ही, ते दिसत नाही का?" बोलून झालं आणि माझेच कान बधिर झाले. कपबशी तशीच हातात धरून बसले, आणि बशीत चहा थरथरत राहिला. दोन दिवस त्यांच्या पोटात अन्न गेलं नाही. त्या शब्दांची लाज मला आज इतक्या वर्षांनीही वाटते.

आता म्हातारपणी एका डॉक्टरीणबाईंशी बोलता बोलता हे सगळं निघालं. त्या म्हणाल्या, "आजी, ती उदासी आणि ती भीती त्या आजाराचीच असते. कित्येकदा हात हलायच्या आधीच येते." मी म्हटलं, "म्हणजे ते मनानं कच्चे नव्हते?" त्या म्हणाल्या, "नाही हो." मी तिथंच पदर डोळ्याला लावला. कुणी तेव्हा सांगितलं असतं तर! पण तेव्हा कुणाला माहीत होतं?

त्या गड्याच्या मात्र काय मनात आलं कोण जाणे. बाजारच्या दिवशी तो भाजीच्या पाट्या सायकलला बांधून आमच्याच दारावरून जायचा. आता तो थांबायला लागला. घंटी वाजवायचा आणि ओरडायचा, "कासारआबा, मी हाय!" एवढंच. मामंजी आतून हात वर करायचे. मला त्या शब्दाची मजा वाटायची. सगळं गाव म्हणत होतं म्हाताऱ्यानं हाय खाल्ली, आणि हा गडी दर आठवड्याला दारात येऊन 'हाय' देऊन जात होता. आठवड्यातले दोन दिवस त्यावर निघायचे. उरलेले पाच आम्ही कसेबसे ढकलायचो.

असा पावसाळा सरला, दिवाळी झाली. उसाला तुरे आले. थंडीत सकाळी कालव्यावरून धुकं उठायचं आणि समोरचा रस्ता, बाभळी, सगळं त्यात बुडून जायचं. अशाच एका बाजारच्या दिवशी घंटी वाजली नाही. उन्हं आली तरी नाही. हे बाजाराला गेलेले. मी म्हटलं, "आज त्यानं भाजी तोडली नसंल." मामंजींनी मान हलवली. मी शेळीला पाला घालायला परड्यात गेले, येऊन बघते तर चौकट रिकामी.

मी आधी पाण्याकडं पळाले. खोटं कशाला सांगू, रस्त्याकडं बघायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. काठावर उभी राहून मी त्या सरळ वाहणाऱ्या पाण्यावर त्यांचं मुंडासं शोधत होते. पाणी नुसतं चाललं होतं. मग विरत्या धुक्यात, लांब, बांधावर काहीतरी बारीक बारीक पावलांनी सरकताना दिसलं. सणसरच्या बाजूला.

मी गाठलं तेव्हा ते धापा टाकत होते. चार महिने ज्यांचा पाय उंबऱ्याला चिकटायचा, ते अर्धा कोस चालून आले होते. मी ओरडणारच होते. पण त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही, नुसतं म्हणाले, "बघून येतो." ओरडायला दमच उरला नव्हता. मागं मागं चालायला लागले. दोन्ही बाजूंना ऊस, वर तुऱ्यांचा पांढुरका पट्टा, मधून आम्ही दोघं. कुठंच पोचत नाही असं वाटत होतं. त्यांची पावलं अडली की मी नुसती शेजारी थांबायची. कधीतरी मागून एक रिकामी बैलगाडी आली. गाडीवानानं ओळखलं आणि दोघांना वर घेतलं.

सणसरच्या त्या घरी पडवीत पोरीची सासू धान्य पाखडत होती. मामंजींना बघून तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "कुठं हाय त्यो?" मामंजींनी विचारलं. तिला ऐकूच गेलं नाही, मी मोठ्यानं सांगितलं. "उसात हाय की! पाण्याची पाळी आलीया आमची, सकाळधरनं दारं धरतोय." दारं धरतोय म्हणजे उसाला पाणी देतोय. पाळी चुकली तर पुन्हा कधी पाणी मिळेल नेम नाही, म्हणून बाजार बुडवला होता त्यानं. एवढंच झालं होतं.

आम्ही बांधावर गेलो. गडी गुडघाभर चिखलात, हातात खोरं. मामंजींना बघून आ वासला. "आबा! तुमी? हितं?" चिखल तुडवत वर आला. मामंजींनी त्याचं मनगट धरलं. त्यांचा हात इतका हलत होता की गड्याचा अख्खा हात हलायला लागला. गडी हसून म्हणाला, "आबा, हलवून बघताय व्हय, जित्ता हाय का न्हाय ते?" आणि मग त्याचं हसू थांबलं. मामंजींच्या त्या थांबलेल्या चेहऱ्यावरून पाणी ओघळत होतं. चेहरा तसाच, एक रेघ हलत नव्हती, आणि डोळे सारखे गळत होते. इतके दिवस मी त्या चेहऱ्याला हट्टी समजत होते.

सासू मागनं आली होती. ती बांधावरच खाली बसली. "आबा, माझ्याच तोंडाला आग लागली त्या दिशी. त्या बोलण्याचं येवढं काळजाला लावून घ्यायचं व्हय?" सून घरातून धावत आली, पदर सावरत. हात भरलेले, काठोकाठ. कासारापुढं चुडा भरून झाल्यावर वाकतात तशी त्यांच्या पायावर वाकली. नागपंचमीच्या आधी, त्या दिवशी, ती वाकायची राहिली होती. बांगडी मोडल्यावर सगळा गोंधळच झाला होता ना. मामंजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो तिथंही थरथरत होता, आणि ती पोर तो हात थांबेपर्यंत वाकून राहिली. तो थांबला नाही. शेवटी मीच तिला उठवलं.

त्यांनी आम्हाला जेवू घातलं, गूळ दिला, गाडी जुंपून दिली. परतताना ऊन कललं होतं आणि कालव्याचं पाणी पिवळं झालं होतं. मामंजी गाडीत माझ्या समोर बसले होते. मला वाटलं, सुटले. डोळ्यांनी बघितलं, हातानं धरलं, ज्यांनी बोल लावला त्यांनीच पदर पसरला. आता आणखी काय पाहिजे माणसाला? मी मनात उद्याच्या कामांची जुळवाजुळव करत होते. कितीतरी दिवसांनी मला भूक लागल्यासारखी वाटत होती.

गावाच्या अलीकडं त्यांचा अंगठा बोटावर फिरायला लागला. कपाळाला घाम आला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, चोरी केलेल्या पोरासारखं, आणि विचारू की नको असं करत अगदी बारीक आवाजात म्हणाले, "आज बरा हाय त्यो. उद्या?"

माझ्या तोंडाशी शब्द आला होता. मला माझं तोंड माहीत आहे. पण सकाळपासून त्यांच्या शेजारी चालले होते, आणि ती पावलं हट्टानं टाकलेली नव्हती हे माझ्या पायांना कळलं होतं. डोक्याला कळायला आणखी चाळीस वर्षं लागली, ते सोडा.

मी म्हटलं, "उद्या परत येऊ बघायला."

"खरं?"

"खरं म्हणजे काय? भाकरी बांधून घेईन."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो.